परदेशी जाताना दाताचं काय? गावाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावातून आता दरवर्षी दोन-चार पोरं बाहेर जातात. कुणी आखातात वायरिंगच्या कामावर, कुणी जर्मनीत शिकायला, कुणी कंपनीकडून इंग्लंडला. मी स्वतः सहा वर्षं शारजात काढली. व्हिसा, तिकीट, राहायची सोय सगळे विचारतात, दाताचं कुणी विचारत नाही. मग तिकडून रात्री दोन वाजता फोन येतो, "काका, दाढ लय ठणकते, काय करू?" गेल्या काही वर्षांत असे फोन बरेच घेतले. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

दोन महिन्यांनी निघायचं आहे. आत्ता दात दुखत नाहीत. तरी दाखवू का?

हो. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

माझी डावीकडची खालची दाढ निघायच्या पंधरा दिवस आधी ठणकायला लागली. यवतमाळला रूट कॅनाल सुरू केलं. पहिल्याच बैठकीत दुखणं थांबलं आणि पुढची तारीख मी पाळलीच नाही. कापसाचे चुकारे अडकले होते, पासपोर्टची धावपळ होती. दुखत नाही म्हणजे झालं, असं वाटलं. चार महिन्यांनी शारजाच्या खोलीवर आईनं बांधून दिलेले फुटाणे खाताना दाढेचा अर्धा भाग कट्कन तुटून हातात आला. कोरडा, पांढरा, आतून शिंपल्यासारखा पोकळ. तिथल्या दवाखान्यात ती नुसती काढायलाच पगाराचा चौथा हिस्सा गेला, वर दोन दिवसांचा रोज बुडाला. यवतमाळला त्याहून कमी पैशात तीच दाढ कॅपसकट, म्हणजे वर चढवायच्या कृत्रिम टोपणासकट, वाचली असती.

रूट कॅनालच्या पहिल्या बैठकीत आतली नस काढतात, म्हणून दुखणं थांबतं. पण वर भरलेलं सिमेंट तात्पुरतं असतं, काही आठवडेच टिकतं. नस गेलेली, आतून पोखरलेली दाढ ठिसूळ होते. कॅप बसली तरच ती चावायचा जोर सोसते. म्हणून कॅप बसेपर्यंत काम अर्धंच समजा.

दोन महिने हातात असतील तर पहिल्याच आठवड्यात पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढा. त्याला ओपीजी म्हणतात. वरून धड दिसणाऱ्या दाढेखालची कीड आणि आडवी वाढलेली अक्कलदाढ त्यात दिसते. अक्कलदाढ काढायची ठरली तर निघायच्या निदान दोन आठवडे आधी काढा. काढल्यानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान काहींच्या जखमेतली रक्ताची गुठळी निघून जाते आणि उघड्या हाडाची भयंकर कळ लागते. ते दिवस घरीच निघावेत. आणखी एक: दाढेत हवा अडकलेली असली तर विमान वर गेल्यावर दाब बदलतो आणि जमिनीवर गप्प असलेली दाढ आकाशात बोंबलायला लागते.

इथे स्वस्तात आणि नीट कुठे होईल?

नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे. शासकीय असल्यामुळे फी खाजगी दवाखान्याच्या मानानं फार कमी. वर्ध्याजवळ सावंगी मेघेला दंत महाविद्यालय आहे, अमरावती आणि अकोल्यालाही आहेत, नागपुरात हिंगण्याच्या बाजूला दोन आहेत. तिथे शिकणारी मुलं काम करतात आणि वरचे सर तपासतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो. एका दाढेसाठी तीन-चार चकरा होतील. पहाटेच्या एसटीनं जा आणि डबा सोबत ठेवा. चार चकरांचं भाडं धरूनही बाहेर देशी एकदा लागणाऱ्या पैशाच्या मानानं ते काहीच नाही.

आठवडी बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला लाल-गुलाबी प्लास्टिकचे दात बसवणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवून बसवलेला तो दात खाली हिरडी सडवतो आणि धरून ठेवणारे चांगले दातही घेऊन जातो.

सोबत कोणते कागद न्यावेत?

ओपीजीची फिल्म आणि तिचा मोबाइलमधला स्वच्छ फोटो. कोणत्या दाढेला काय केलं, त्याची डॉक्टरांच्या हातची चिठ्ठी. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला दात, असेल तर त्याच्या कंपनीचं नाव आणि माप लिहिलेलं कार्ड, कारण त्याचा स्क्रू सैल झाला तर तिकडच्या डॉक्टरला तेच माप लागतं. पेनिसिलिनची ॲलर्जी, बीपी-शुगरच्या गोळ्या, रक्त पातळ करायची गोळी, हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

दातांच्या नंबरांवरून घोळ होतो, तो समजून घ्या. आपल्याकडे आणि युरोपात बहुतेक ठिकाणी दोन आकडी पद्धत चालते. डावीकडची खालची पहिली मोठी दाढ म्हणजे ३६. अमेरिकेत एक ते बत्तीस असे सरळ आकडे मोजतात, तिथे तीच दाढ १९ नंबरची. नुसता आकडा सांगू नका. बोट ठेवून दाखवा आणि "डावी, खालची" हेही सांगा.

खर्रा खातो. तिकडच्या डॉक्टरला सांगू का?

सांगा, आणि त्याआधी स्वतः एक तपासणी करा. मधली तीन बोटं एकावर एक, उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील, तिखट लागलं की गालाला आग होत असेल, आतून गाल पांढरट आणि दोरीसारखे ताठ लागत असतील, तर सुपारीनं तोंड आवळायला सुरुवात केली आहे. याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि यातून पुढे कॅन्सरही होतो. आमच्या भागात विशीतली पोरं अशी पाहिली आहेत. ते पाहून जीव तुटतो.

यात पैशाचाही प्रश्न आहे. तोंड उघडत नसेल तर मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचत नाही. साधं भरायचं काम ऑपरेशनवर जातं आणि बिल कितीतरी पटीनं वाढतं. तिकडच्या बऱ्याच डॉक्टरांनी खर्रा पाहिलेलाही नसतो. "तंबाखू, सुपारी आणि चुना" असं फोड करून सांगा. पुड्या बॅगेत भरून नेऊ नका. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूवर पूर्ण बंदी आहे, विमानतळावरच अडकाल.

माझ्या दातांवर लहानपणापासून पिवळे-तपकिरी डाग आहेत. तिकडे सगळे दात बदला म्हणतात.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पांढरकवडा, झरी-जामणीकडच्या लोकांना हे डाग ओळखीचे आहेत. दात घडत असताना, म्हणजे लहानपणी, ते पाणी प्यायल्यानं डाग पडतात. ती कीड नव्हे. डॉक्टरला "डेंटल फ्लोरोसिस" एवढे दोन शब्द सांगा. डाग सौम्य असतील तर वरचा थर हलका घासून किंवा दाताच्या रंगाचं मटेरियल लावून भागतं. धडधाकट दात चारी बाजूंनी तासून त्यावर कॅपा चढवायला तिथल्या तिथे हो म्हणू नका. तासलेला दात परत वाढत नाही.

आखातात कंपनीचं विमा कार्ड आहे. दात त्यात येतात का?

कार्ड हातात पडलं त्याच दिवशी मागच्या बाजूला आणि पॉलिसीच्या कागदात "डेंटल" हा शब्द शोधा. साध्या कामगार पॉलिसीत बहुतेक वेळा दात नसतातच, किंवा फक्त तातडीचं काम असतं. असले तरी वर्षाची मर्यादा असते आणि बिलाचा काही टक्के भाग आपल्याला भरावा लागतो. कागद समजला नाही तर कंपनीच्या एचआरला तीन गोष्टी लेखी विचारा: मर्यादा किती, माझा हिस्सा किती, कोणत्या दवाखान्यात चालेल. आमच्या खोलीवर सहा जण होतो. कार्डात दात काढणं बसतं हे तिसऱ्या वर्षी कळलं, तोवर दोघांनी पदरचे पैसे भरले होते.

भाषेची काळजी करू नका. तिथले कितीतरी दंतवैद्य भारतीयच आहेत, हिंदी चालते. मोठ्या मॉलमधल्या क्लिनिकपेक्षा कामगार वस्तीजवळचे दवाखाने स्वस्त पडतात. पण भाव आधी विचारा आणि एक्स-रेचे पैसे त्यात धरलेत का तेही विचारा.

गोळ्यांबाबत सावध राहा. ट्रामाडॉल किंवा कोडीन ही कडक वेदनाशामकं असलेल्या गोळ्या अमिरातीत नियंत्रित औषधांत येतात. इथल्या मेडिकलमधून घेतलेली पुडी खिशात टाकून जाऊ नका. परवानगी नसेल तर जेलपर्यंत गोष्ट जाते.

इंग्लंडला व्हिसाच्या वेळी आरोग्याचा मोठा सरचार्ज भरला. मग दात फुकट ना?

नाही, आणि इथेच सगळे फसतात. त्या सरचार्जमुळे सरकारी आरोग्यसेवा म्हणजे एनएचएस वापरता येते, पण दाताचे पैसे मोठ्या माणसांना वेगळेच द्यावे लागतात. २०२५-२६ या वर्षी इंग्लंडात दर असे होते: तपासणी किंवा तातडीचं काम २७.४० पौंड, भरणं, रूट कॅनाल आणि दात काढणं ७५.३० पौंड, कॅप, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला दात) किंवा कवळी ३२६.७० पौंड. एका उपचारात तीन दाढा भरल्या तरी भरायची फी एकदाच लागते. म्हणून सगळी कामं एकाच वेळी सांगा, तुकडे करू नका. गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर वर्षभर हे फुकट आहे. अठराच्या आतल्या मुलांनाही. मिळकत कमी असेल तर एचसी-१ नावाचा फॉर्म भरून सूट मागता येते.

स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत. तिथे २६ वर्षांच्या आतल्यांना एनएचएसचा दाताचा उपचार मोफत आहे. ग्लासगोला किंवा एडिनबरोला शिकायला गेलेल्या पोरापोरींनी हे आधी लिहून ठेवावं.

खरी अडचण नवा पेशंट घेणारा एनएचएस दंतवैद्य सापडायची असते. पोचल्या-पोचल्या चार-पाच ठिकाणी नाव लावा, दुखायची वाट पाहू नका. अचानक ठणक लागली तर १११ नंबरला फोन करा, ते तातडीची वेळ मिळवून द्यायचा प्रयत्न करतात.

जर्मनीला शिकायला गेलेल्या मुलीला काय सांगू?

तिला सांगा, बाई, तू नशीबवान आहेस, फक्त कागद सांभाळ. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना साधारणपणे सरकारी पद्धतीचा आरोग्य विमा मिळतो. त्यात वर्षाला दोन तपासण्या, साधं भरणं आणि दात काढणं बसतं. कॅप-ब्रिजला मात्र विमा ठरावीक साध्या उपचाराच्या खर्चाचे ६० टक्केच देतो.

तिथे "बोनुसहेफ्ट" नावाची छोटी वही मिळते. दरवर्षी तपासणी करून त्यावर शिक्का घ्यायचा. पाच वर्षं सलग शिक्के असले तर ६० ऐवजी ७० टक्के मिळतात, दहा वर्षांनी ७५. एक वर्ष चुकलं की साखळी तुटते.

बऱ्याच विद्यार्थ्यांना न कळणारी गोष्ट म्हणजे "हेर्टेफाल". मिळकत ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर साध्या पद्धतीच्या कॅपचा सगळा खर्च विमा उचलतो. त्यासाठी उपचाराआधी अर्ज करावा लागतो. डॉक्टर कॅपचा खर्च मांडून देतात, तो मंजूर झाल्याशिवाय खुर्चीत बसायचं नाही. दातांची खास सफाई मात्र बहुतेकदा स्वतःच्या पैशानं करावी लागते, साधारण ८० ते १२० युरो. नको असेल तर नम्रपणे नाही म्हणता येतं.

अमेरिकेत मुलाकडे सहा महिन्यांसाठी जातोय, सुनेचं बाळंतपण आहे.

आधी इथे सगळं करून घ्या, उरलेलं तिकडे. अमेरिकेत दाताचा विमा आरोग्य विम्यापासून वेगळा असतो आणि पाहुण्यांच्या विम्यात जुनं दुखणं धरत नाहीत. रात्री दवाखान्याच्या इमर्जन्सीत गेलात तर वेदनेची आणि अँटिबायोटिकची गोळी देऊन घरी पाठवतात, दाढेला हातही लावत नाहीत, आणि बिल मोठं येतं. दोन दारं आहेत: दंत महाविद्यालयांची क्लिनिकं, जिथे आपल्या नागपूरसारखंच विद्यार्थी काम करतात आणि फी कमी असते, आणि सरकारी मदतीवर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स, जिथे मिळकत पाहून फी ठरते. तिकडच्या गावाचं नाव टाकून दोन्हींचे पत्ते मुलानं आधीच शोधून फ्रिजवर चिकटवून ठेवावेत.

कॅनडात सरकारी दंतयोजना आहे, पण ती तिथे राहून कर-विवरण भरणाऱ्या, खाजगी दंतविमा नसलेल्या आणि कुटुंबाची वार्षिक मिळकत ९० हजार डॉलरच्या आत असलेल्यांसाठी. भेटीला गेलेल्या आई-बाबांना ती लागू नाही. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांच्या सक्तीच्या विम्यात दात सहसा नसतात, तिथेही विद्यापीठाचं दंत क्लिनिक गाठा.

प्रवास विम्यात दात येतात असं एजंट म्हणतो.

येतात, पण किती? बहुतेक पॉलिसींत फक्त अचानक आलेल्या वेदनेवरचा तातडीचा इलाज येतो, तोही छोट्या रकमेपर्यंत. युरोपच्या शेंगेन व्हिसाला निदान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पण त्या आकड्यावरून दातालाही तेवढेच मिळतील असं समजू नका. दाताची मर्यादा आत वेगळी लिहिलेली असते, ती ओळ एजंटकडून बोट ठेवून वाचून घ्या. आधीपासून किडलेली दाढ दाखवून दावा केला तर नामंजूर होतो. बिल, एक्स-रे आणि डॉक्टरची चिठ्ठी जपून ठेवा. आमच्याकडून लुंबिनीला किंवा थायलंडला बुद्धदर्शनाला जाणाऱ्या मंडळींनी सहल कंपनीनं काढलेल्या विम्यात दात येतात का, हे निघायच्या आधी विचारून घ्यावं.

रात्री दाढ ठणकली, दवाखाना सकाळी उघडेल. तोवर काय?

कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरा. अडकलेला कण दोऱ्यानं काढा. चालत असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घ्या, पाकिटावर लिहिलंय त्याहून जास्त नाही. उशी उंच ठेवून झोपा, आडवं पडलं की ठणक वाढते. लवंगेचं तेल कापसाला पुसटसं लावून दाढेवर धरलं तर बधिर होतं, पण हिरडीवर सांडलं तर पोळतं. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी धरून ठेवू नका, गाल जळतो. मागच्या आजाराच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्याही घेऊ नका. आतला पू बाहेर काढल्याशिवाय ते दुखणं खरं जात नाही.

गाल सुजून डोळ्यापर्यंत किंवा मानेपर्यंत आला, ताप आहे, गिळता येत नाही, श्वास अडतोय, तर सकाळची वाट पाहू नका आणि पैशाचा विचारही करू नका. थेट मोठं हॉस्पिटल. युरोपात ११२, इंग्लंडात ९९९, अमेरिकेत ९११, अमिरातीत अँब्युलन्ससाठी ९९८.

डॉक्टरला दुखणं कसं सांगू? मले तिकडचं धड बोलता येत नाही.

आपल्या भाषेत दुखण्याला कितीतरी नेमके शब्द आहेत, त्यातला कोणता लागू पडतो ते आधी स्वतःशी ठरवा. थंड पाण्यानं क्षणभर सणक जाते आणि थांबते, की काही न खाताही रात्री ठण-ठण करत राहते? पहिल्यात बऱ्याचदा नुसतं भरून भागतं, दुसऱ्यात नस खराब झालेली असायची शक्यता जास्त. चावल्यावरच कळ येते का? किती दिवसांपासून? एवढं कागदावर लिहा, मोबाइलवर भाषांतर करा आणि दाखवा. डॉक्टर निम्मं निदान त्यावरून करतो.

आणि खुर्चीत बसण्याआधी विचारा: आज काय करणार, एकूण किती, आणि आज फक्त वेदना थांबवून बाकीचं नंतर करता येईल का? हे विचारण्यात लाज नाही. इंग्लंडात डॉक्टरची नोंदणी जनरल डेंटल कौन्सिलच्या यादीत कुणालाही पाहता येते, तसंच इतर देशांतही पाहावं.

तुर्कस्तान, हंगेरी, थायलंडला स्वस्त पॅकेज आहे म्हणतात. सुट्टीत जाऊ का?

हंगेरीत ऑस्ट्रियाच्या सीमेजवळचं मोशोनमॉज्यारोवार, मेक्सिकोत अमेरिकेच्या सीमेला लागून लोस आल्गोदोनेस, ही गावंच दंतवैद्यांवर जगतात. काम चांगलंही होतं. पण इम्प्लांटचा स्क्रू हाडात मुरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, आणि "पाच दिवसांत नवं हसू" म्हणणारा ते महिने कुठून आणणार? तुर्कस्तानात चांगले दात सपाट तासून वीस-वीस कॅपा बसवलेली तरुण माणसं मग इंग्लंडच्या डॉक्टरांकडे रडत येतात. तुम्हाला स्वस्तच हवं तर नागपूर-वर्धा आहेच, आणि बिघडलं तर दार ठोठवायला डॉक्टर जवळ असतो.

मग सुट्टीत गावी आल्यावरच करून घेतो. किती दिवस लागतील?

रूट कॅनाल आणि कॅप दोन-तीन आठवड्यांत आरामात होतं, पण लग्नसराईत आलात तर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठा. मांडव, हळद, पाहुणे यात पहिले दहा दिवस उडतात आणि मग अर्धी दाढ घेऊन विमान पकडावं लागतं, माझ्यासारखं. इम्प्लांट एका सुट्टीत बसत नाही. या वर्षी स्क्रू, पुढच्या वर्षी दात, असं दोन सुट्ट्यांत वाटा. तिकडचा एक्स-रे व्हॉट्सॲपवर आधी पाठवला तर इथले डॉक्टर वेळ राखून ठेवतात.

बाबांची कवळी तिकडे तुटली तर?

फेविक्विकनं चिकटवू नका. एकदा वेडीवाकडी चिकटली की लॅबवाल्यालाही जुळवता येत नाही. तुकडे डबीत जपून ठेवा. जुनी कवळी घरी पडली असेल तर ती सोबत न्या, महिना-दोन महिने निभतं. रात्री काढून पाण्यात ठेवा, गरम पाण्यात नको, वाकते.

नातू खेळताना पडला आणि समोरचा दात मुळासकट निघाला तर?

पक्का दात असेल तर वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दुधाखाली क्षणभर धरा आणि जमलं तर तिथल्या तिथे खोबणीत बसवून रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर थंड दुधाच्या पेल्यात टाकून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचा, अर्ध्या तासात पोचलात तर दात वाचायची आशा अधिक. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नसतो, पण दाखवून घ्या.